त्वचेचा लिम्फोमा : साध्या चट्ट्यापासून प्रतिकारशक्तीच्या औषधांपर्यंत

कमरेवर, मांडीवर किंवा नितंबावर एखादा फिकट वा तांबूस चट्टा उठावा, त्याला मधूनमधून खाज सुटावी, मलम लावले की तो मावळावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा दिसू लागावा, अशी तक्रार घेऊन नांदेड व लातूर जिल्ह्यांतील दवाखान्यांत येणाऱ्यांची वानवा नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो नायटा असतो, इसब असते, क्वचित सोरायसिस असतो. चट्टा फिकट असेल तर घरच्यांच्या मनात आधी कोडाची आणि मग कुष्ठरोगाची शंका येते. या गर्दीत फारच थोड्या रुग्णांचा चट्टा मात्र निराळा असतो. त्वचेत मुरलेल्या पांढऱ्या पेशींचा तो कर्करोग असतो. वैद्यकशास्त्रात त्यास त्वचेचा लिम्फोमा म्हणतात.

हा रोग दुर्मीळ आहे. अमेरिकेतील नोंदींनुसार त्याचे प्रमाण दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण सहा ते दहा नवे रुग्ण इतकेच भरते. तरीही त्याची माहिती असणे दोन कारणांनी आवश्यक आहे. एक तर तो वेळेवर ओळखला गेल्यास रुग्ण बहुधा पूर्ण आयुष्य जगतो. दुसरे असे की, शरीराच्या प्रतिकारशक्तीचा आधार घेऊन कर्करोगाशी लढण्याची जी औषधे आज सर्वत्र चर्चेत आहेत, त्यांतील काही कल्पना प्रथम याच रोगावर तपासल्या गेल्या.

नाव बुरशीचे, रोग पेशींचा

त्वचेच्या लिम्फोमाचा सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे 'मायकोसिस फंगॉइडिस'. फ्रान्समधील त्वचारोगतज्ज्ञ झाँ-लुई आलिबेर यांनी १८०६ मध्ये त्याचा पहिला रुग्ण वर्णिला. त्या रुग्णाच्या अंगावरील गाठी त्यांना अळंब्यांसारख्या दिसल्या, आणि पुढे १८३२ मध्ये त्यांनी रोगाला बुरशीचे नाव देऊन टाकले. बुरशीशी या रोगाचा काडीचाही संबंध नाही. पण नाव चिकटले ते चिकटलेच. गंमत अशी की, आजही या रोगाचा रुग्ण सुरुवातीला बहुधा बुरशीचेच मलम लावत असतो.

रोग आहे तो टी-पेशींचा. टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या शिपाई होत. त्यांतील काहींचे नित्याचे ठाणे त्वचेत असते. अशा एखाद्या पेशीत बिघाड होऊन तिची अमर्याद वाढ सुरू झाली की आधी पातळ चट्टे, मग हाताला जाड लागणाऱ्या चकत्या आणि काही रुग्णांत शेवटी गाठी अशी रोगाची चाल असते. ही चाल सहसा फार संथ असते. कित्येक रुग्ण वीस-वीस वर्षे चट्ट्यांच्या पुढे जात नाहीत. अंग नखशिखांत लाल होऊन असह्य खाज सुटणे व रक्तातही बिघडलेल्या पेशी सापडणे हा 'सेझारी सिंड्रोम' नावाचा उग्र प्रकार. तो १९३८ मध्ये वर्णिला गेला. त्वचेतील बी-पेशींचा लिम्फोमा हा आणखी एक वेगळा गट असून त्याची औषधेही वेगळी आहेत.

पन्नाशीनंतर व पुरुषांत हा रोग अधिक आढळतो, असे पाश्चात्त्य ग्रंथ सांगतात. सावळ्या त्वचेच्या लोकांत मात्र त्याचे एक निराळे रूप दिसते. चट्टे लाल न होता फिकट, जवळजवळ पांढुरके होतात आणि तरुणांत, प्रसंगी मुलांतही, येतात. हे रूप तुलनेने सौम्य असते आणि उपचारांना चांगले दाद देते. अडचण एवढीच, की आपल्याकडे फिकट चट्टा म्हणजे कोड किंवा कुष्ठरोग असे समीकरण पक्के बसलेले आहे.

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केल्यापासून महाराष्ट्राने कुष्ठरोगाविषयी बरेच काही शिकले, आणि बहुविध औषधोपचारामुळे तो रोग पूर्ण बरा होतो हेही आता सर्वज्ञात आहे. तरी खेड्यात त्या शब्दाची धास्ती उरलेलीच आहे. त्या धास्तीपोटी काही जण चट्टा लपवतात, तर काहींना तपासणीविनाच कुष्ठरोगी ठरवले जाते. दोन्ही रोगांतील फरक बराचसा साध्या तपासणीत कळू शकतो. कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्यावर सहसा स्पर्शाची, गरम-थंडाची जाणीव कमी झालेली असते, आणि कोपर, गुडघा वा मानेजवळच्या नसा जाड लागतात. लिम्फोमाच्या चट्ट्यावर संवेदना सहसा शाबूत असते. तो विशेषकरून कपड्याखाली झाकलेल्या, ऊन न लागणाऱ्या भागांवर येतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, तर हा चट्टा फिकट असूनही पुरता रंगहीन नसतो. अर्थात ही केवळ खूण झाली. निर्णय बायोप्सीनेच होतो.

मलमाने झाकलेला रोग

या रोगाच्या निदानाला जगभर उशीर होतो. पहिल्या चट्ट्यापासून निश्चित निदानापर्यंत तीन-चार वर्षे जाणे ही परदेशातही नित्याची गोष्ट आहे. आपल्याकडे त्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच नळीत भरलेल्या मिश्र मलमांची भर पडते. औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणारे हे मलम लावले की खाज थांबते, लाली जाते आणि रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते. स्टेरॉइडमुळे त्वचेतील पेशींची गर्दी तेवढ्यापुरती पांगलेली असते. अशा वेळी काढलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली काहीच नेमके दिसत नाही. म्हणून बायोप्सीपूर्वी दोन ते चार आठवडे मलम बंद ठेवावे लागते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांच्या अनुसूचीत आणले. कायदा झाला, पण दुकानाच्या फळीवरील व्यवहार तितका बदललेला नाही, हे कोणीही सांगेल.

एका बायोप्सीत निदान झाले नाही म्हणून रोग नाही असेही समजू नये. सुरुवातीच्या अवस्थेत हा लिम्फोमा इसबासारखा दिसतो. काही महिन्यांच्या अंतराने, दोन-तीन ठिकाणचे तुकडे पुन्हा तपासावे लागतात. पेशींवरील सीडी-३, सीडी-४, सीडी-८, सीडी-३० अशा खुणा विशेष रंगांनी पाहिल्या जातात, आणि गरज पडल्यास टी-पेशी एकाच घराण्यातील आहेत काय याची जनुकीय चाचणी होते. सीडी-३० ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे एक महत्त्वाचे औषध तिच्यावरच बेतलेले आहे.

शिपाईच फितूर झाले तर

इतर कर्करोगांत प्रतिकारशक्तीला जागे करणे हा उपचाराचा गाभा असतो. येथे पेच असा, की रोगी पेशी ही त्या फौजेतलीच असते. फौजेला सरसकट चेतवावे तर फितुरांनाही बळ मिळण्याची भीती, आणि सरसकट मारावे तर रक्षणकर्ते उरत नाहीत. सुरुवातीच्या चट्ट्यांत निरोगी टी-पेशींचा, विशेषतः सीडी-८ जातीच्या मारक पेशींचा, रोगी पेशींभोवती वेढा पडलेला असतो. हा रोग वर्षानुवर्षे संथ राहतो तो बऱ्याच अंशी त्या वेढ्यामुळे. रोग वाढतो तसा हा वेढा विरळ होतो, जंतुसंसर्ग होऊ लागतात, आणि बळावलेल्या अवस्थेतील अनेक रुग्ण प्रत्यक्ष कर्करोगापेक्षा रक्तात पसरलेल्या जंतूंनीच दगावतात.

यावरून उपचाराचे जे सूत्र निघाले त्याला १९८९ मध्ये भक्कम पुरावा मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १०३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला सुरुवातीलाच इलेक्ट्रॉन किरण व जोरकस केमोथेरपी, तर दुसऱ्याला आधी त्वचेपुरते सौम्य उपचार आणि गरजेनुसार पुढचे. पूर्ण उतार पडणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के व दुसऱ्यात १८ टक्के होते. परंतु आयुर्मानात काहीही फरक पडला नाही, आणि त्रास मात्र पहिल्या गटाला अधिक झाला. 'कर्करोग आहे, मग केमो का देत नाही' असे नातेवाईक काकुळतीने विचारतात, त्याचे उत्तर या प्रयोगात आहे.

म्हणून रोग त्वचेपुरता असताना मलमे, प्रकाश व मर्यादित किरणोपचार यांवरच भिस्त ठेवली जाते. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसह म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का, असे मोजमाप डॉक्टर वापरतात. चट्टे दहा तळहातांहून कमी जागेत असतील आणि अवधाणे वाढलेली नसतील, तर रुग्णाचे आयुर्मान सर्वसामान्य माणसाएवढेच असते.

प्रकाशोपचाराची पाळेमुळे आपल्या परिचयाची आहेत. कोडावर बावचीचे बी वापरण्याची आयुर्वेदातील रीत जुनी आहे. त्या बियांत सोरालेन वर्गातील द्रव्ये असतात, जी प्रकाशात त्वचेवर क्रिया करतात. याच वर्गातील औषध पोटात घेऊन नंतर अतिनील 'अ' किरण देण्याची पद्धत १९७६ मध्ये या लिम्फोमावर उपयुक्त ठरल्याचे प्रसिद्ध झाले. आता चट्ट्यांच्या अवस्थेत अनेकदा ३११ नॅनोमीटरचे 'अरुंद पट्ट्याचे' किरण पुरतात व त्यासाठी गोळी लागत नाही. कोड आणि सोरायसिससाठी हीच यंत्रे जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे असतात. घरी बावचीचे तेल चोळून उन्हात बसणे हा मात्र त्याला पर्याय नव्हे. मराठवाड्याच्या उन्हात त्याने फोड येऊन कातडी भाजते.

प्रतिकारशक्तीची औषधे

प्रकाशाने भागत नाही, तेव्हा पुढची पायरी येते. तेथे सर्वांत जुने व अजूनही टिकून असलेले नाव इंटरफेरॉनचे. विषाणूंचा हल्ला झाला की पेशी जे इशाऱ्याचे प्रथिन सोडतात ते १९५७ मध्ये सापडले, आणि १९८४ मध्ये या लिम्फोमावरील त्याच्या गुणाचा अहवाल प्रसिद्ध झाला. रोगी पेशी एका विशिष्ट प्रकारची प्रतिक्रिया माजवून मारक पेशींना निष्प्रभ करतात. इंटरफेरॉन हा तोल पुन्हा मारक पेशींच्या बाजूला झुकवते. ते कातडीखाली टोचावयाचे असते, आणि इन्सुलिनप्रमाणे रुग्ण घरीही घेऊ शकतो. पहिले काही आठवडे ताप, अंगदुखी, थकवा जाणवतो. पुढे उदासीनता येत नाही ना, थायरॉइड व पांढऱ्या पेशी ठीक आहेत ना, हे पाहत राहावे लागते. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज तासन् तास जाणाऱ्या गावात ही अट लहान नाही, आणि लिहून देतानाच तिचा विचार व्हावयास हवा.

दुसरी पद्धत रक्ताबाहेरच्या प्रकाशोपचाराची. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना सोरालेन वर्गातील औषध देऊन अतिनील किरणांत धरायचे व परत शरीरात सोडायचे. त्या मरणोन्मुख पेशी पाहून उरलेली प्रतिकारशक्ती रोगी पेशींना ओळखू लागते, असा त्यामागील तर्क आहे. रिचर्ड एडलसन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ३७ रुग्णांपैकी २७ जणांना गुण आल्याचे नोंदवले. लाल अंगाच्या, सेझारी प्रकारच्या रुग्णांसाठी ही पद्धत विशेष उपयोगी आहे.

घटसर्पाच्या जंतूचे विष इंटरल्युकिन-२ या प्रथिनाला जोडून केलेले डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स हे औषध १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, २०१४ मध्ये बाजारातून गेले व सुधारलेल्या रूपात ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा मान्य झाले. कल्पना सुरेख असली तरी आपल्या रुग्णापर्यंत ते क्वचितच पोहोचेल.

खरा पालट केला तो प्रतिपिंडांनी. प्रतिपिंड म्हणजे पेशीवरील एकच खूण ओळखून तिला जाऊन चिकटणारे प्रथिन. ब्रेन्टुक्सिमॅब वेडोटिन या औषधात सीडी-३० ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला पेशीमारक द्रव्य बांधलेले असते. ते रोगी पेशीच्या आत जाऊन सुटते, त्यामुळे बाकीच्या शरीराला झळ कमी लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किमान चार महिने टिकणारा उतार या औषधाने ५६ टक्के रुग्णांत पडला, तर मेथोट्रेक्सेट किंवा बेक्सारोटिन या जुन्या गोळ्यांनी अवघ्या साडेबारा टक्क्यांत. दर तीन आठवड्यांनी शिरेतून ते दिले जाते. मुख्य उपद्रव हातापायांना मुंग्या व बधिरपणा हा होय. तो या चाचणीत दोनतृतीयांश रुग्णांना जाणवला, आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांत कमी झाला. मधुमेहाने आधीच पाय बधिर झालेल्या रुग्णाने हे डॉक्टरांना न विसरता सांगितले पाहिजे.

मोगॅमुलिझुमॅब हे औषध जपानमधून आले. ते सीसीआर-४ ही खूण असलेल्या पेशींना चिकटते आणि मग शरीरातील मारक पेशीच त्यांचा फडशा पाडतात. ३७२ रुग्णांच्या चाचणीत रोग न वाढता राहण्याचा मध्यम काळ ७.७ महिने भरला, जुन्या व्होरिनोस्टॅट या औषधाने तो ३.१ महिने होता. अमेरिकेने ते २०१८ मध्ये मान्य केले. याने कधी कधी अंगावर नवेच पुरळ उठते आणि रोग वाढला असे वाटते. त्याचीही बायोप्सी करून पाहावी लागते.

वर्तमानपत्रांतून सर्वांत अधिक गाजलेला वर्ग म्हणजे प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारी औषधे. त्यांतील पेम्ब्रोलिझुमॅबने २४ रुग्णांच्या एका लहान चाचणीत ९ जणांना गुण आला, व काहींत तो दीर्घकाळ टिकला. पण फितुरीचा पेच येथे पुन्हा आडवा येतो. टी-पेशींच्याच एका वेगळ्या, विषाणूजन्य लिम्फोमात याच वर्गातील निवोलुमॅब दिल्यावर तीन रुग्णांचा रोग झपाट्याने वाढल्याची नोंद २०१८ मध्ये झाली. लगाम रोगी पेशीचाही सैल होऊ शकतो. म्हणून फुप्फुसाच्या कर्करोगात शेजाऱ्याला लागू पडलेले इंजेक्शन या रोगात मागून घेण्यात अर्थ नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने निवोलुमॅबची अवघी २० मिलिग्रॅमची मात्रा वापरून खर्च कमी करण्याचा जो नामांकित प्रयोग केला, तोही डोके व मानेच्या कर्करोगापुरता होता.

हाच खुलासा 'कार-टी' उपचाराबाबत करावा लागेल. आयआयटी मुंबई व टाटा रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेल्या 'नेक्सकार-१९' या पहिल्या भारतीय कार-टी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असेच हे काम आहे. मात्र तो उपचार बी-पेशींच्या रक्तकर्करोगासाठी व लिम्फोमासाठी आहे. टी-पेशींच्या त्वचा-लिम्फोमाशी त्याचा संबंध नाही. त्वचेतील बी-पेशींच्या लिम्फोमात, एका-दोन गाठी असल्या तर किरणोपचारच पुरतात आणि अधिक असल्यास रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड कामी येते. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आणली व किंमत आवाक्यात येऊ लागली.

यांतील कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी क्षयरोग व कावीळ 'ब' यांची तपासणी आपल्याकडे टाळता येत नाही. रिटुक्सिमॅबने सुप्त कावीळ उफाळून येऊ शकते. त्वचेची निगाही औषधाइतकीच मोलाची. रोज स्नान, नंतर लगेच खोबरेल किंवा व्हॅसलीन, आणि भेगाळलेल्या जागी पू दिसताच उपचार. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात रोजचे स्नान ही गृहीत धरण्याची गोष्ट नव्हती. तज्ज्ञांच्या परदेशी मार्गदर्शिका लिहिताना असा विचार कोणाच्या मनात येत नसावा.

नांदेड-लातूरहून पुढचा रस्ता

निदानाची पहिली पायरी दोन्ही शहरांत होऊ शकते. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय आयुर्विज्ञान संस्था येथे त्वचेचा तुकडा काढून तपासता येतो. विशेष रंगांच्या व जनुकीय चाचण्यांसाठी नमुना बहुधा पुणे, मुंबई वा हैदराबादला जातो. लातुरात १९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या विवेकानंद रुग्णालयाने कर्करोगोपचाराचा व्याप उभारला आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये जेथे सुरू झाली ते बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय ही लातूरकरांना जवळची ठिकाणे. नांदेडचे रुग्ण निजामाच्या राजवटीपासूनच्या सवयीने हैदराबादकडेही वळतात. प्रतिपिंड औषध ठरवण्याआधी एकदा तरी परळच्या टाटा रुग्णालयासारख्या, हा दुर्मीळ रोग नेहमी पाहणाऱ्या केंद्राचे मत घेणे इष्ट. पुढचे डोस जवळच्या रुग्णालयात घेता येतात काय, हे तेथेच विचारावे.

प्रकाशोपचाराची गोष्ट वेगळी. तो आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने घ्यावा लागतो. किनवटहून नांदेड किंवा निलंग्याहून लातूर गाठणाऱ्या शेतमजुराला दर खेपेस एक दिवसाची मजुरी गमवावी लागते, आणि पेरणीच्या दिवसांत उपचार तुटतो. स्वस्त उपचार महाग पडतो तो असा. मग रोग वाढून प्रतिपिंडांची वेळ आली की खर्च लाखांच्या घरात जातो. पेम्ब्रोलिझुमॅबवरील मूळ सीमाशुल्क केंद्राने २०२३ मध्ये माफ केले, तरी सामान्य कुटुंबाला ते परवडण्याजोगे झालेले नाही.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. २०१७ पासून तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे, आणि संरक्षणाची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली आहे. तीत ठरावीक उपचारच बसतात. म्हणून नेमके औषध त्यात येते काय हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून भरती होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. बायोप्सीचा मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून जपून ठेवाव्यात. पुढच्या केंद्रात त्यांवरच सीडी-३० ची तपासणी होते आणि नवा तुकडा काढणे वाचू शकते. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णास स्लीपर व थ्री-एसी वर्गात पूर्ण आणि सोबत्यास ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र आरक्षण खिडकीवर दाखवावे लागते.